गरम तेलाचा किल्ला

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून गोव्याला जायचं म्हणजे विजापूर, बेळगाव आणि मग चोर्ला घाट. आमची गाडी मात्र आधी आत्याच्या दारात, मग शेंगाचटणी घ्यायला आणि मग गॅस बंद केलाय का ते बघायला परत घरी, अशी गेली. विजापूर आलं तेव्हा कडक भाकऱ्यांचं एक पुडकं संपलं होतं. गोलघुमट दिसताच अण्णांनी आदिलशाही काढली. चांदबीबीच्या लग्नात सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला तो याच घराण्याकडे आणि पोर्तुगीज यायच्या आधी गोवाही यांचाच, म्हणून आपण निघालोय ते सोयऱ्यांच्या गावी, असा त्यांचा मुद्दा. "हुंडा घेणारे कसले सोयरे?" आत्या म्हणाली. बेळगावपर्यंत गाडीत शांतता होती.

रेईश मागूशचा किल्ला मांडवीच्या मुखाशी, पणजीच्या अगदी समोरच्या काठावर. पोर्तुगिजांनी तो १५५१ साली बांधला. पुढे त्याचा तुरुंग झाला, तो १९९३ पर्यंत चालू होता. डागडुजी होऊन २०१२ साली लोकांसाठी उघडला. जांभ्या दगडाच्या भिंती, झाडलेलं अंगण, कुठे कुणाचं बदामात कोरलेलं नाव नाही. आईला संशय आला, की हे हॉटेल आहे. "किल्ला इतका स्वच्छ नसतो गं," ती बायकोच्या कानात म्हणाली.

पायथ्याशी पांढरंशुभ्र चर्च आहे. बाळ येशूला बघायला आलेल्या तीन राजांच्या नावाचं. आत्याने लगेच चौकशी केली, "बाळ बघायला आले, ते काय घेऊन आले?"

"सोनं, ऊद आणि गंधरस," मी म्हणालो.

"अंगडं-टोपडं काही नाही?"

"नाही."

"पुरुषमाणसं गेल्यावर असंच व्हायचं. सोनं किती तोळे?"

तोळ्यांचा आकडा बायबलात नाही. आत्याला वाटलं मी लपवतोय.

वर, दरवाजाच्या माथ्याशी एक भोक आहे. शत्रू आत घुसला की त्यातून त्याच्यावर उकळतं तेल ओतायचे म्हणे. मुलगा 'बाप रे' म्हणून खाली उभा राहिला आणि वर बघू लागला. आईच्या डोक्यात वेगळाच हिशेब. "कुठलं तेल असेल रे? शेंगतेल?"

"गोव्यात म्हणजे खोबरेलच," बायको म्हणाली.

"आणि ओतलेलं परत कसं गोळा करायचे?" एकदा तळण झालेलं तेल गाळून ठेवणाऱ्या बाईला साडेचारशे वर्षांपूर्वीची ही उधळपट्टी सहन होईना. शत्रूबद्दल कुणी हळहळलं नाही.

तटावरून एकीकडे पणजी, एकीकडे समुद्र आणि मध्ये कॅसिनोच्या बोटी. अण्णांनी तुरुंगाच्या खोल्या निरखल्या. "वारा बघा की! शुक्रवार पेठेत खिडकी उघडली तर शेजारच्यांची टाकी दिसते." पण गोवा मुक्तीच्या सैनिकांचं दालन आलं तसे ते गप्प झाले, टोपी काढून हातात घेतली. दोन मिनिटं. मग शेजारी उभ्या असलेल्या दिल्लीच्या कुटुंबाला त्यांनी १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ आणि १९३१ साली फाशी गेलेले आमचे चार हुतात्मे नावांसकट सांगितले. दिल्लीकर निमूट ऐकत होते. दाराशी आत्या उभी होती, त्यामुळे जाताही येत नव्हतं.

शेवटी मारिओ मिरांडांच्या चित्रांचं दालन. मिस निंबूपाणी आणि मंत्री बंडलदास यांना जन्म देणारा हाच माणूस. बाजार, गुत्ते, पाद्री, कुत्री, नाकंच नाकं! एका चित्रात इंचभर जागा मोकळी नाही. तिथं आमच्या घराला कंठ फुटला. आईला त्या गर्दीत आत्या सापडली, आत्याला आई, बायकोला मी (पोटावरून), मुलाला त्याचे गणिताचे सर. कुणालाच स्वतःचं तोंड मात्र दिसेना. हसून हसून आत्याला बाकावर बसवावं लागलं. अण्णा तेवढे गंभीर, हात मागे बांधून, नाक चित्राला टेकवून उभे. आणि त्यांना त्या पवित्र्यात बघून दिल्लीची मुलगी एकदा चित्राकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होती.

बाहेर पायऱ्यांवर शेंगाचटणीचा डबा उघडला. दिल्लीकरांनाही भाकरी दिली. ती मोडताना त्यांचा थोरला मुलगा घामाघूम झाला.

"सोलापूर आओ," अण्णा म्हणाले. "हमारा भी किल्ला है. बाजू में पानी भी है."

"समंदर?"

"सिद्धेश्वर का तालाब. समंदर जैसाच है, सिर्फ खारा नै."