वधूचं वय वर्षं २४

अहो, ऐकलंत का? मिळाला हो वसुधावहिनींना व्हिसा! दोघांनाही. काल संध्याकाळी टॅक्सीतून उतरल्या त्या फाटकापासूनच हात हलवत... मी आमच्या ह्यांना म्हटलं, चला, ते लग्न एकदाचं सत्कारणी लागलं. कुठलं लग्न काय? अगं बाई, तुम्ही तेव्हा लेकीकडे नाशकात होतात नाही का! या इकडे कण्हेरीपाशी. तिथून त्यांच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू जातं.

तर वहिनींचं लग्न झालं. ६८व्या वर्षी, वॉर्ड ऑफिसात. नवरा तोच हो! १९८१च्या मे महिन्यात चिपळूणला दणक्यात लागलेलं लग्न, पंगतींवर पंगती उठल्या, पण नोंदणी कुणाला सुचली तेव्हा? आणि मुलगा तिकडून सांगतोय, आई-बाबांच्या लग्नाचा सरकारी दाखला लागेल. अमेरिकेला पंगतीचं काय कौतुक! मग काढली ट्रंक, शोधली लग्नपत्रिका, आणि फॉर्म भरायला बसवलं मला. माझं अक्षर बरं ना.

नमुना ड म्हणतात त्याला. वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी, सगळ्यांची माहिती आणि सह्या. भटजी तर केव्हाच देवाघरी गेलेले, त्यासाठी निराळं प्रतिज्ञापत्र. साक्षीदार लग्नाला हजर असलेले हवेत, म्हणून वन्सं आल्या बडोद्याहून, एक मामेभाऊ आला, आणि वहिनींची शाळेतली मैत्रीण. मी विचारतेय, ते सांगतायत, मी लिहितेय. त्यात एक रकाना असतो, लग्नाच्या दिवशीचं वय. वराचं? २३. वधूचं? ...वहिनी गप्प. चहात साखर आहे का म्हणाल्या. मी म्हटलं, आहे, पण वय सांगा. तर शाळा सोडल्याचा दाखला माझ्याकडे सरकवला नुसता.

जन्म जानेवारी १९५७. आणि भाऊजींचा १ जून १९५७. करा हिशोब!

वधू २४, वर २३. मी मुकाट्यानं लिहिलं, पण वन्संनी वाकून वाचलंच. आणि त्यांचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही! इतकी वर्षं ऐकतोय ना आपण, 'आमच्या दादाला चांगली पाच वर्षांनी लहान बायको मिळाली' म्हणून? भाऊजी छताकडे बघत बसले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पण वहिनी काही ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "माझे वडील मास्तर होते, माझी तारीख खरी आहे. ह्यांची हेडमास्तरांनी लावलेली. १ जून! ह्यांच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनलाच होता." यावर मामेभाऊ म्हणतो, आत्या तर सांगायची, दादा आदल्या दिवाळीतला. म्हणजे बघा, भाऊजीच मोठे निघाले! वन्संच्या जिवात जीव आला. पण कागदावर काय, २३ ते २३च. अमेरिकेत आत्याची दिवाळी चालत नाही.

तर काय सांगत होते... हां, नाव. पत्रिकेवर चि. सौ. कां. कुसुम, आणि पासपोर्टवर वसुधा. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नाव लिहिलं आणि कुसुमची वसुधा झाली, हे आपल्याला कळतं. तिथल्या साहेबाला वाटायचं, या बाईनं नवऱ्याची पहिली बायको कुठं लपवली? झालं, पुन्हा नोटरी, पुन्हा स्टॅम्पपेपर, 'कुसुम आणि वसुधा ही एकच व्यक्ती'. जन्माचा दाखला तर दोघांकडेही नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा लागू झाला १ एप्रिल १९७० ला, त्याआधीच्यांना नोंद आढळत नाही असा दाखला चालतो, सोबत शाळेचा दाखला जोडायचा. तो 'आढळत नाही'चा कागद आणायला भाऊजींनी गावाला किती खेपा घातल्या! नसलेली गोष्ट नाही म्हणून लिहून द्यायला इतका वेळ का लागतो, ते ग्रामपंचायतच जाणे. वर मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर, त्यावर भाषांतर करणाऱ्याची सही.

आणि खरी गंमत तर पुढेच. मुलगा आई-बापाला बोलावतो म्हटल्यावर त्यानं लिहून द्यायचं असतं की मी यांना पोसेन. आय-८६४ म्हणतात. तिथल्या गरिबीच्या रेषेच्या १२५ टक्के तरी मिळकत हवी. म्हणून त्यानं टॅक्सचे कागद पाठवले, त्याचे आणि सुनेचे एकत्रच. वहिनींनी मला दाखवले, इंग्रजी बारीक होतं म्हणून हो. तर सुनेचा पगार जास्त! चांगलाच जास्त! वहिनी आधी काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "तरीच तो भांडी घासतो." आता फोनवर सुनेशी कसं गोड बोलतात ऐका, 'अगं, दमतेस गं तू'.

जावयाचं कळलं का तुम्हाला? चिंचवडचा जावई. त्याला वाटलं, सासू-सासऱ्यांचं दीड वर्षात होतंय, तर मेव्हण्यानं आपल्या बायकोचाही अर्ज टाकावा, की आपणही सहकुटुंब तिकडे. मुलगा फोनवर म्हणाला, टाकतो की, पण भावाबहिणींची रांग निराळी. आई-वडिलांना संख्येची मर्यादा नाही, भावंडांना आहे. भारतातल्या ज्यांनी २००६ साली अर्ज केले, त्यांचे नंबर आत्ता कुठे लागतायत. स्पीकरवर होता फोन. जावयानं घास तसाच खाली ठेवला. श्रीखंडाचा हो!

आणि कोपऱ्यावरच्या काकू उगाच मिरवतायत, त्यांच्या लेकीला ग्रीन कार्ड मिळालं म्हणून. नुसत्या ग्रीन कार्डावर आई-बापाला नाही बोलावता येत. नागरिकत्व लागतं आणि वय २१ पूर्ण. मी काही सांगितलं नाही त्यांना. कशाला विरजण घाला...

बरं, मग पोलीस. पासपोर्ट ऑफिसातून पोलीस क्लिअरन्सचा दाखला लागतो ना, त्यासाठी चौकशीला हवालदार आला. आपल्या गल्लीत वर्दी दिसल्यावर समोरच्यांचे पडदे कसे हलले! त्यानं मला विचारलं, शेजारी कसे आहेत? मी म्हटलं, गुन्हा-बिन्हा काही नाही, गेल्या गौरीत माझं पितळी ताट नेलंय ते तेवढं यायचंय. तो हसला. ताट दुसऱ्या दिवशी आलं हो!

मेडिकल मुंबईतच. आपला डॉक्टर चालत नाही, त्यांच्या यादीतलाच लागतो. छातीचा एक्स-रे, क्षय आहे का ते बघतात. तिथं मंगळसूत्र काढा म्हटल्यावर वहिनी अडून बसल्या. लग्नापासून काढलेलं नाही म्हणे. शेवटी नर्सनं समजावलं तेव्हा भाऊजींच्या हातात दिलं, आणि ते बिचारे मूठ आवळून बाहेर बाकावर! इंजेक्शनंही टोचली. दोन दिवस दंड धरून हिंडत होत्या.

आणि मुलाखतीची तयारी तर विचारूच नका. भाऊजी रोज संध्याकाळी गच्चीत साहेब व्हायचे. "मुलगा कधी गेला? सून काय करते? कुठे राहणार?" एकदा म्हणाले, "तुमचा मुलगा काय करतो?" तर वहिनी म्हणतात, "आठवड्यातून एकदा फोन." फाइल तरी किती, एक बॅग भरून! लग्नाचा अल्बम, मुलाच्या मुंजीचे फोटो, सुनेचं डोहाळेजेवण. फोटोवरूनही आधी एक दिवस गेलेला, दोन इंच बाय दोन इंच, चष्मा काढून. चष्म्याशिवाय वहिनी अगदीच अनोळखी दिसतात.

वकिलात आता बीकेसीत आहे बरं का, २०११ पासून. पूर्वी ब्रीच कँडीला समुद्राकाठी होती, त्या लिंकन हाउसचा पूनावालांशी ७५० कोटींचा सौदा झाला होता, आठवतं? पेपरात होतं. तो सौदाही परवानग्यांतच अडकला. म्हणजे कागद कुणाला चुकलेत! तर... मोबाईल आत नेता येत नाही. वहिनींना वाटलं, आता यांचा आणि माझा जीव टांगणीला. आत गेल्यावर बोटांचे ठसे, मग उजवा हात वर करून शपथ. वहिनींनी विचारलं म्हणे, बांगड्या खाली घसरल्या तर चालेल का? साहेबीण तरुण होती, मराठी बोलणारा माणूस बाजूला होताच. चार-पाच प्रश्न. मुलाला शेवटचं कधी भेटलात, नातवंडं किती. आणि झालं की हो! अल्बम बॅगेतून निघालाच नाही. भाऊजींचं तोंड एवढंस्सं. मुंज बघितली नाही म्हणून अजून कुरकुरतायत.

आता पासपोर्ट हातात आला की मुलगा ग्रीन कार्डाचे माणशी २३५ डॉलर ऑनलाइन भरणार, मग तिकिटं. वहिनी म्हणतात, थंडीचे सहा महिने इथं, उन्हाळ्यात तिकडं. मी म्हटलं, वहिनी, ते कार्ड तिथं राहायला देतात, आंबे संपल्यावर जायला नव्हे. वर्षभर बाहेर राहिलात तर गेलंच म्हणून समजा, आणि सहा महिन्यांच्या पुढेही विमानतळावर विचारणा होते. दोन वर्षांपर्यंतचा परवाना काढता येतो, पण तो तिथं असताना अर्ज करून. हे ऐकून मात्र पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला. भाऊजी तर कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत उभेच राहिले, कुंडी भरून वाहायला लागली तरी.

मला विचाराल तर, अमेरिकेनं कुणाला नाही अडवलं. अडवलं ते आपल्याच शाळेच्या दाखल्यानं आणि पत्रिकेनं. तुमच्या धाकट्याला नागरिकत्व मिळायचंय ना पुढल्या वर्षी? मग आत्तापासून दोघांचे दाखले शोधून ठेवा. आणि फॉर्म भरायचा असला की हाक मारा हं, मी येते. माझं अक्षर चांगलं आहे.