टाचेकर

टाचेकर हे आडनाव नव्हे, ती जमात आहे. पुण्यात सापडते, नाशकात सापडते, कोल्हापुरात तर पैशाला पासरी. वय पंचेचाळीसच्या पुढे, घराचं कर्ज फिटलेलं, मुलगा बंगळुरूला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेली टूरिंगची मोटरसायकल. तिच्या डाव्या अंगाला गिअर लिव्हर असते, तिला पुढे एक टोक आणि मागे एक टोक. पुढचं पंजाने दाबायचं, मागचं टाचेने. हे मागचं टोक ठेवावं की काढावं, हा टाचेकरांपुढचा सध्याचा एकमेव प्रश्न. लेकीचं लग्न याहून लवकर ठरलं होतं.

या जमातीची भरती 2020 साली जोरात झाली. लॉकडाऊन जरा सैल होतंय तोच सप्टेंबरअखेर होंडाची हायनेस आली, पाठोपाठ नोव्हेंबरात रॉयल एनफिल्डची मीटिऑर. दोघीही साडेतीनशेच्या वर्गातल्या आणि दोघींनाही टाचेची लिव्हर जन्मजात. सहा महिने घरात कोंडलेल्या माणसाला स्पिती खुणावत होती. टाचेकरांनी गाडी बुक केली आणि पहिल्याच रविवारी ताम्हिणीत जाऊन भजी खाऊन आले. स्पिती अजून जागच्या जागी आहे.

टाचेची लिव्हर असते कशाला, हे टाचेकर न विचारता सांगतात. अशा गाडीत पहिला गिअर पंजाने खाली दाबून पडतो, बाकीचे वर. वरचा गिअर टाकायचा तर बुटाचं नाक लिव्हरखाली घालून ती उचलावी लागते. म्हणून डाव्या बुटाच्या नाकावर तो काळा डाग पडतो, जो चेरीच्या अख्ख्या डबीनेही जात नाही. मागच्या टोकावर टाच दाबली की तेच काम होतं आणि बूट शाबूत राहतो. हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांना तर पाय ठेवायला रुंद फळ्याच असतात, तिथे पंजा लिव्हरखाली घालायचा म्हणजे पायाची कसरत. त्याच हार्लेत 1952 च्या आधी गिअर हाताने पडायचा आणि क्लच पायाने दाबायचा. हे वाक्य टाचेकर मिसळीची दुसरी वाटी येईपर्यंत राखून ठेवतात.

मग एवढी सोयीची वस्तू काढायची कशाला? खरं कारण टाचेकर सांगत नाहीत, म्हणून आपण सांगू.

टाचेकरांचे पाय शिकले हिरो होंडाच्या सीडी हंड्रेडवर, मुरले स्प्लेंडरवर. तिथे चारही गिअर पुढे दाबून पडतात. टाच मारली की गिअर उतरतो. पंचवीस वर्षं पायाने हेच केलं. नव्या गाडीत हिशेब नेमका उलटा: टाच मारली की गिअर चढतो. गाडी घरी आणली त्याच दिवशी गल्लीतला स्पीडब्रेकर आला. टाचेकरांनी सवयीने टाच मारली. दुसऱ्यावरून पहिल्यावर येण्याऐवजी गाडी तिसऱ्यावर गेली, दोन आचके दिले आणि ब्रेकरच्या बरोबर माथ्यावर बंद पडली. मागून येणाऱ्या स्कूटीवरच्या मुलीने विचारलं, “काका, ढकलू का?” त्या क्षणी लिव्हरचं भवितव्य ठरलं.

चारचौघांत मात्र कारण निराळं. “बूट अडकतो हो. दहा नंबरचा पाय आहे माझा. दोन टोकांच्या मध्ये तो चिमटीत धरल्यासारखा होतो, लांबच्या पल्ल्याला मागेपुढे करता येत नाही.” हे खोटं नाही. मोठ्या पायाच्या आणि रोज तीनशे किलोमीटर मारणाऱ्या माणसाने मागचं टोक खुशाल काढावं, पाय मोकळा होतो. टाचेकरांचा पाय आठ नंबरचा आहे.

काढणं हा सोहळा असतो. दातेरी दांड्यावर पुढची आणि मागची लिव्हर वेगवेगळी बसवलेली असेल, तर एक बोल्ट सैल करून मागची ओढून घ्यायची. उघडा पडलेला दांडा झाकायला तेवढ्या मापाची चकती घातली की झालं. अख्खी लिव्हर एकाच तुकड्याची असेल, तर एकतर सगळी बदला, नाहीतर करवत लावा. हार्लेवाल्या टाचेकरांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांचे बोल्ट इंचाच्या मापाचे. आपल्याकडच्या मिलिमीटरच्या चाव्या एकतर आत जात नाहीत, नाहीतर गेल्या की गोल फिरतात. गॅरेजमधला पोरगा शांतपणे म्हणतो, “साहेब, राहू द्या ना. लोकं वेगळी विकत घेऊन बसवतात.” साहेबांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचे भाव, कारण साडी गार्ड काढतानाही तो हेच म्हणाला होता. (साडी गार्ड म्हणजे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे ते, मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून. मागे बसणाऱ्या वहिनींनी तो गार्ड काढल्यापासून गाडीवर बसणंच सोडलंय.)

लिव्हर निघाली. आठ दिवस टाचेकर हवेत. सिग्नलला न्यूट्रल पटकन सापडतो म्हणे, कारण टाच जोरात बसली की न्यूट्रल ओलांडून थेट दुसरा पडायचा. तेही खरं.

नवव्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी पाव आणायला पाठवलं. पाव आणायला कोणी रायडिंग बूट घालत नाही. कोल्हापुरी चप्पल, त्यात उघडा अंगठा, आणि त्या अंगठ्याने लोखंडी लिव्हर उचलायची. जाताना दुसरा, तिसरा. येताना पुन्हा दुसरा, तिसरा. टाचेकर पाव घेऊन लंगडत वर आले. वहिनींनी अंगठ्याकडे पाहिलं, मग पावाकडे. “लादी चेपलीये,” एवढंच म्हणाल्या.

आपल्या देशात हा वाद बुटाचा नाहीच, चपलेचा आहे. जो माणूस त्याच गाडीवर लडाखची स्वप्नं बघतो आणि त्याच गाडीवर कोथिंबीर आणतो, त्याने टाच ठेवावी. टाचेकरांना हे मान्य आहे. पुढच्या रविवारपर्यंत.

लिव्हर काढली की ती आणि बोल्ट, बसवली की चकती बिस्किटाच्या डब्यात, फ्रिजच्या वर. डब्याला ‘फेकू नये’ अशी चिठ्ठी. गाडीच्या मीटरवर आजवर सहा हजार चारशे किलोमीटर झालेत. लिव्हर अकरा वेळा निघाली आणि कारखान्यात बसवली ती धरून बारा वेळा बसली.