तीन तोळ्यांची दोरी

गणपतीत भाचा स्कॉटलंडहून आला, तो १३ फुटांची काठी घेऊन. चार तुकडे एकमेकांत खोचून त्याने ती आमच्या हॉलमध्ये आडवी धरली, तेव्हा तिचं एक टोक देवघरात होतं आणि दुसरं बाल्कनीतल्या तुळशीत. दोन्ही हातांनी पेलायची ही मासेमारीची काठी. तिकडच्या स्पे नदीवर एकोणिसाव्या शतकात ही तऱ्हा रुजली, म्हणून तिचं नाव स्पे. काठी सुरेख होती. फक्त तिला दोरी नव्हती.

"दोरी अशी कशी आणणार, मामा? ती तुम्हाला विचारून घ्यावी लागते."

मी मूळचा येवल्याचा, त्यामुळे दोरीबाबत कुणी माझा सल्ला घ्यावा यात मला काही वावगं वाटलं नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आख्खं येवलं गच्चीवर असतं, आणि तिथे हातात चक्री नसते, आसारी असते. ढील कधी द्यायची आणि खेच कधी मारायची, हे आम्ही अक्षरओळखीच्या आधी शिकलो. पण भाच्याचे प्रश्न वेगळेच निघाले. नदी किती रुंद? पाणी किती वाहतं? वारा कुठून? आणि शेवटी, "तुमच्या मागे काय आहे?"

मागे म्हणजे निवृत्तीनंतर काय व्याप आहेत, असं मला वाटलं. त्याला नदीकाठ म्हणायचा होता. निफाड तालुक्यात कादवेच्या काठी एका मित्राची द्राक्षबाग आहे, तिथे जाईन म्हणालो. म्हणजे पुढे नदी, मागे द्राक्षांचा मांडव. भाचा खूश झाला. साध्या काठीने दोरी आधी मागे पुरती लांबवतात आणि मग पुढे सोडतात. स्पेच्या काठावर मागे झाडं आणि चढ, तिथे ती अडकणार. म्हणून तिथल्या लोकांनी दोरी मागे जाऊच दिली नाही. पाण्यावरून ओढायची, खांद्याजवळ इंग्रजी डी अक्षरासारखा फुगा करायचा, टोक क्षणभर पाण्याला चिकटून राहू द्यायचं आणि तिथूनच पुढे लोटायची.

इथे माझ्या डोक्यात पहिली गाठ पडली. आपल्या गळाला शिसं असतं. आपण शिसं फेकतो, तंगूस मुकाट्याने मागून जातो. इथे गळावर बांधलेली पिसांची माशी, तिला वजन असून नसल्यासारखं. वजन सगळं दोरीचं. म्हणजे फेकायची ती दोरीच, माशी नुसती वरातीतल्या शेवटच्या गाडीतल्या लांबच्या नातेवाइकासारखी पोहोचते.

म्हणून दोरीची निवड म्हणजे स्थळं बघणं. एक स्कॅजिट, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या नदीच्या नावाची. काठीच्या जेमतेम दुप्पट लांब, पण अंगाने भक्कम. जड माशी आणि बुडणारं टोकही उचलून नेते. आखूडशिंगी, बहुदुधी. दुसरी स्कँडी, सडपातळ, लांब निमुळती, हलकी माशी पाण्यावर अलगद ठेवणारी. तिसरी जुन्या वळणाची, काठीच्या चौपट-पाचपट. भाचा म्हणाला, तिचा विचार या वर्षी नको. मी स्कॅजिटला होकार कळवला.

दिवाळीत पार्सल आलं. डब्यावर ५४० असा आकडा होता. हे ग्रेन, दोरीच्या पुढच्या जाड भागाचं वजन. इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, तेव्हा मी भागाकार केला आणि तो मोठ्याने केला, ही चूक झाली.

"तीन तोळे?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "आणि ते पाण्यात टाकणार?"

जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि ही दोरी प्लास्टिकची आहे, ही स्पष्टीकरणं कोणी ऐकून घेतली नाहीत. सराफ बाजारात तीन तोळ्यांत काय येतं, ते मात्र मला ऐकावं लागलं.

गच्चीवर सराव केला, जमेना. फरशीला पाण्यासारखी पकड नाही, टोक चिकटतच नाही. म्हणून कादवा. गळ काढून टोकाला लाल लोकर बांधली. वारा प्रवाहाच्या दिशेने असेल तर एक पद्धत, उलटा असेल तर दुसरी. चुकलं तर माशी कानात. पुढचं पाणी आणि मागचा वारा एकदम बघायचा, तर हे गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीलाच जमावं. पूर त्याच्या कुठपर्यंत आला यावरूनच आम्ही नाशिककर पाणी मोजतो, त्यामुळे अनुभवही दांडगा.

पलीकडे एकजण खांद्यावर पाग घेऊन उभा होता. बराच वेळ बघून तो पाण्यातून इकडे आला.

"काका, गळ तुटला का?"

"नाही. लावलाच नाही."

"मग आमिष?"

"त्यालाही आमिष नसतं. पिसं असतात. तिकडचा सामन मासा समुद्रातून नदीत चढला की काही खातच नाही."

"खात नाही, तर धरतो कशाला?"

"ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. शिवाय धरला की बहुतेक वेळा सोडून देतात."

तो थोडा वेळ गप्प राहिला. उपाशी मासा, खोटं आमिष आणि पकडून सोडून देणं, या सगळ्याचा हिशोब तो मनात मांडत असावा. मग तो दोन पावलं पाण्यात गेला, कमरेतून वळला आणि पाग सोडला. हवेत जाळं भाकरीसारखं गोल झालं, काठाची शिशाची मणकी एकदम पाण्यात बुडाली. त्यात चार चिलापी आल्या. "हातानं नाही फेकायचं, काका," जाळं झटकत तो म्हणाला, "कंबर फिरवायची." भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओतला गोरा माणूसही बारा मिनिटं हेच सांगत होता.

मी कंबर फिरवली. डॉक्टरांनी तिच्याबद्दल जे सांगून ठेवलं होतं ते आठवलं. दोरी सापाच्या वेटोळ्यासारखी माझ्या पुढ्यात येऊन बसली, लोकर टोपीवर.

रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, पडली का सरळ?"

"पडली की. एकदा."

"अरे वा! कुठल्या पद्धतीने?"

"गुंडाळत होतो तेव्हा."