तीन ते बारा सोडून

बास्केटबॉलमध्ये हरणाऱ्या संघालाही एक गुण मिळतो. साखळी सामना जिंकला तर दोन, हरला तर एक, आणि मैदानावर आलाच नाहीत तर शून्य. हा नियम आंतरराष्ट्रीय महासंघाचा आहे. महासंघाने तो काय विचार करून केला असेल ते असो, पण लोणी काळभोरच्या आमच्या मामांची गाठ पडल्याशिवाय असा नियम कुणाला सुचेल असं मला वाटत नाही.

पुण्याकडच्या कॉलेजांत शिपाई म्हणजे मामा आणि झाडलोट करणाऱ्या बाई म्हणजे मावशी. आमच्याकडे पाच मामा होते : लॅबचे, लायब्ररीचे, ऑफिसचे, गेटचे आणि ग्राउंडचे. पण नुसतं 'मामा' म्हटलं की ते ग्राउंडचेच. खाकी पँट, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. ही शिट्टी वाजवायचा अधिकार त्यांना कुणीही दिलेला नव्हता आणि त्यांनी ती कधी वाजवलीही नाही. कानामागे पेन, आणि खिशात कुठल्याशा पतसंस्थेची डायरी. चुना मारणं, बॉलात हवा भरणं, स्टोअरची किल्ली सांभाळणं ही त्यांची कॉलेजच्या लेखी असलेली कामं. खरं काम डायरीत चाले.

डायरीचं मूळ बैलगाडा शर्यतीत होतं. मामांचा एक बैल होता, त्याच्या बाऱ्यांचे, म्हणजे शर्यतीच्या घाटातल्या धावांचे, आकडे ते लिहून ठेवत. कुठल्या घाटात किती सेकंद, शेजारी कोण जुंपला होता, पाऊस पडून गेला होता का, सगळं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली आणि मामांकडे एवढी मोठी आकडेमोड एकदम रिकामी पडली. ती आमच्या बास्केटबॉल संघाच्या अंगावर आली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, पण तोवर बैल म्हातारा झाला होता आणि मामांना रिंगचा नाद लागला होता. माझी कॉलेजची तीन वर्षं नेमकी या मधल्या काळातली.

बैलगाडा मात्र त्यांच्या डोक्यातून गेला नाही. बॉल हातात आल्यावर चोवीस सेकंदांत शॉट घ्यावा लागतो, हे खेळाच्या सरांनी पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मामा हसले होते. "चोवीस? तेवढ्यात आमच्या घाटात दोन बाऱ्या हुत्यात. तुमचा सेंटर तर नुसता उभाय." सेंटरची निवडही ते तशीच करत. उंचीकडे त्यांचं लक्ष नसे, पाय बघत. नव्या मुलाच्या भोवती एक चक्कर मारून म्हणत, "खांदा हाय, पण खूर मऊ हाय." त्या मुलाचा घोटा दुसऱ्याच आठवड्यात मुरगळला. त्यानंतर संघनिवड सर करत आणि सही करण्याआधी एकदा मामांकडे बघत.

लोणीचा माणूस म्हणून मामांना प्रसिद्धीचं अप्रूप नव्हतं. तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की पहिला मुक्काम लोणी काळभोरला, तेव्हा गर्दी काय असते ते त्यांनी जन्मापासून पाहिलेलं. राज कपूरची राजबाग गावातच. १९७८ च्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्'च्या शूटिंगच्या गर्दीत आपण होतो, असं मामा सांगत. लोणीत एका वयापुढच्या सगळ्यांचंच हे म्हणणं असल्याने त्या गर्दीचा नेमका आकडा काढायची मामांनाही कधी हिंमत झाली नाही. एरवी त्यांनी कशाचाही काढला असता.

कुठूनतरी त्यांना खेळाचा इतिहास कळला आणि मग आमची सुटका राहिली नाही. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव. हिवाळ्यात घरात खेळायला काहीतरी हवं म्हणून नाइस्मिथ नावाच्या मास्तरांनी खेळ रचला आणि व्यायामशाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. स्टेबिन्स नावाच्या त्या शिपायाकडे खोकी नव्हती, पीचच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता म्हणून रिंग आजही दहा फुटांवर. टोपलीला बूड होतं, त्यामुळे बॉल पडला की कुणीतरी शिडी लावून वर चढायचं. पहिला सामना १-० असा सुटला.

मामा यातलं नाइस्मिथ सोडून सगळं सांगत. "ह्यो खेळ शिपायानं काढलाय. मास्तर नुसता हो म्हणला." खोकी मिळाली असती तर आज आपण काय खेळत असतो, असा प्रश्न ते नव्या पोरांना तोंडी परीक्षेसारखा विचारत. सेंटरने एकदा 'खो-खो' असं उत्तर दिलं आणि त्याला आठवडाभर गळका बॉल मिळाला.

आता त्यांच्या मूळ व्याधीकडे येतो. 'अजून चान्स हाय' हे वाक्य मामांनी किती वेळा उच्चारलं असेल, ते डायरीत नाही. बाकी सगळं आहे. हरलेला सामना त्यांच्या दृष्टीने संपतच नसे. त्यातून एक गुण आणि फरकाचा आकडा शिल्लक राही, आणि तो आकडा पुढे कुठेतरी कामाला येईल म्हणून ते जपून ठेवत. आजीबाई सुतळीचे तुकडे ठेवतात तसे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ गेला होता आणि एकही सामना न जिंकता बारा संघांत बारावा आला. आम्हाला ही गोष्ट सरांनी लाजेखातर सांगितली. मामा मागून म्हणाले, "पण दर हारीला एक म्हंजी बघा किती झाले." त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

आमच्या शेवटच्या वर्षी बाद फेरी संपून चार संघांची साखळी उरली आणि ती आमच्याच मैदानावर पडली. पहिले दोन पुढच्या फेरीला जाणार. बाकीच्या तीन कॉलेजांची नावं घेत नाही, त्यांना जर्सीवरून निळे, पिवळे आणि हिरवे म्हणू. निळ्यांनी आम्हाला ६१-५२ हरवलं. आम्ही पिवळ्यांना ५८-५२ हरवलं. हिरवे निळ्यांकडून आणि पिवळ्यांकडून हरून बसले होते. शेवटच्या दिवशी सकाळी निळे-पिवळे, दुपारी आम्ही-हिरवे.

आदल्या संध्याकाळी मामांनी आम्हाला पोलखाली बसवलं आणि डायरी उघडली. हिरव्यांना आम्ही हरवणारच, हे धरून चाललं होतं. "सकाळी निळे जिंकले तर प्रश्नच न्हाई. आपले पाच गुण, पिवळ्यांचे चार. पिवळे जिंकले तर मातूर तिघांचे पाच-पाच. मग आपसातला फरक. आपण नवानं हरलो, सहानं जिंकलो, म्हंजी उणे तीन." इथे त्यांनी पेन कानामागून काढलं. "पिवळे एकानं नायतर दोनानं जिंकले तर ते आपल्या खाली. तेरा नायतर जास्तीनं जिंकले तर निळे आपल्या खाली. तीन ते बारा सोडून काय बी चालतंय."

"आणि मामा, बरोबर तीन झाले तर?"

"तीन आन् बाराला येगळं पान हाय," असं म्हणून त्यांनी ते दाखवलं. खरंच होतं.

त्या सकाळी मामांनी जो पाठिंबा दिला तसा पाठिंबा कुठल्याही प्रेक्षकाने कुठल्याही संघाला दिला नसेल. सुरुवातीला ते निळ्यांचे. पिवळे चारने पुढे गेले तरी निळ्यांचेच. अर्ध्या वेळेला पिवळे आठने पुढे होते आणि मामा निवडणुकीनंतरच्या अपक्षासारखे दोन्ही बाकांच्या मधोमध उभे. तिसऱ्या डावात फरक अकरावर गेला तसे ते उघड पिवळ्यांना मिळाले. "मार! अजून एकच बास्केट!" पिवळ्यांचा कोच चकित झाला, यजमानांचा शिपाई आपल्या बाजूने एवढा ओरडतोय म्हटल्यावर त्याने मामांना पाण्याची बाटली दिली. ती निम्मी पिऊन होईपर्यंत निळ्यांनी लागोपाठ दोन बास्केट घातले. फरक सात. मामांनी बाटली परत केली आणि पलीकडच्या बाजूला गेले.

शेवटची वीस सेकंदं. पिवळे चारने पुढे, बॉल निळ्यांकडे. निळ्यांच्या मुलाला तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळी जागा मिळाली आणि आमच्या काळजात चर्र झालं, कारण त्याने तीन टाकले तरी फरक एकच राहत होता, पण हुकला असता तर चार. मामा ओरडले, "आत घुस! दोनच घे, दोन बास!" मुलगा दचकून आत घुसला आणि त्याने दोन घातले. निळ्यांचा कोच मामांकडे ज्या नजरेने बघत होता तिचं वर्णन मी करत नाही. पिवळे दोनने जिंकले. मैदानावर सर्वात मोठ्याने आनंद ज्या माणसाला झाला तो त्या सामन्यातल्या कुठल्याच संघाचा नव्हता.

आता फक्त हिरव्यांना हरवायचं होतं, आणि नेमके आम्ही चारच जण हजर होतो. त्याच दिवशी इंटर्नल परीक्षा लागलेली, त्यामुळे अर्धा संघ वर्गात. एकाला ताप. सर कबड्डीच्या पोरांना घेऊन दुसऱ्याच तालुक्यात. सेंटर हडपसरहून निघाला होता आणि सोलापूर रस्त्यावर अडकला होता. ज्याने तो रस्ता पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. लोणीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत. टँकरची रांग, त्यात वाळूचे ट्रक, उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले. सामन्याच्या वेळेपासून पंधरा मिनिटांत पाच जण उभे राहिले नाहीत तर सामना गेला. २०-० आणि गुण शून्य.

हरणं मामांना कधीच झोंबलं नव्हतं. शून्याने मात्र ते पांढरे पडले. त्यांच्या डायरीत शून्याला पान नव्हतं.

मग त्यांनी जे केलं ते पंचांच्या देखत, पूर्ण नियमात बसवून केलं. आधी फ्री थ्रोची रेषा पुसट झाल्याचा शोध लावून चुन्याचा डबा आणला. मग बॉलात हवा कमी असल्याचं त्यांना वाटलं. पंप आणला, सुई हरवली, सुई सापडली. मग जाळीची एक गाठ सुटली आहे म्हणून शिडी लावली आणि स्वतः वर चढले. दहा फुटांवर, टोपी सावरत, स्टेबिन्सच्या सगळ्या वारसाहक्काने ते गाठ मारत राहिले. पंच खालून घड्याळ दाखवत होते. मामा वरून रस्त्याकडे बघत होते. चौदाव्या मिनिटाला ते वरूनच ओरडले, "आला! टँकरनं आला!"

सेंटर खरोखरच टँकरच्या केबिनमधून गेटाशी उतरला. कुठल्या मार्गाने तो टँकर सगळ्यांच्या पुढे आला ते विचारू नये.

पाच जण झालो. पाचवा मी, तीन वर्षांत पहिल्यांदा सुरुवातीपासून मैदानावर. बदली खेळाडू एकही नाही. चौथ्या डावात आमच्या एकाचे पाच फाउल झाले, मग दुसऱ्याचे. तिघे उरलो. मामा बाकावरून धीर देत होते : "दोघं उरला तरी सामना चालतोय! एकटा उरला की मग बघू!" तिघांनी मिळून आम्ही तो सामना ४९-५० पर्यंत आणला. शेवटचे दोन फ्री थ्रो मला मिळाले. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

निकाल असा : निळे पाच, पिवळे पाच, हिरवे चार, आम्ही चार, आणि हिरव्यांनी आम्हाला हरवलेलं म्हणून आम्ही चौथे, म्हणजे शेवटचे. मी पायरीवर बूट सोडत बसलो होतो. मला कुणाशी बोलायचं नव्हतं. मामा आले, शेजारी बसले. फ्री थ्रोचा विषय त्यांनी काढला नाही. ते बराच वेळ काहीतरी लिहीत होते.

"निळ्यांचा सात नंबर हाय ना," ते हळूच म्हणाले, "त्याचं ॲडमिशन मला कच्चं वाटतंय. फॉर्मवर शिक्काच न्हाई. आन् पिवळ्यांचा ढेंगाळ्या वयात बसत नसणार. मिशा बघितल्या का त्याच्या?"

"मामा, आपण चौथे आहोत."

"मग? निळे बाद, पिवळे बाद. राहिलं कोण? हिरवे आन् आपण. पहिले दोन." त्यांनी डायरी मिटली. "तक्रारीला फी लागती, पण. दोन संघांची, म्हंजी दुप्पट. तुझ्याकडं किती हायेत?"