आधार नको, धन्यवाद

योगासनांना वीट, पट्टा, लोड, खुर्ची यांची मदत घ्यावी हे मला तत्त्वतः मान्य आहे. मी घ्यावी, हे मान्य नाही. पश्चिमोत्तानासनात माझी बोटं आणि पावलं यांच्यामध्ये वसईची खाडी पसरते. मॅडम पट्टा पुढे करतात. "नको, आज जरा आखडलंय," मी सांगतो. जणू कालपर्यंत कपाळ गुडघ्याला टेकत होतं! शेजारच्या काकू मात्र मिळेल ते सगळं घेतात, लोडावर उताण्या होतात आणि खुशाल घोरतात.

ही साधनं रुजवली बी. के. एस. अय्यंगारांनी. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी पार खिळखिळा केलेला हा मुलगा 1937 साली पुण्याला शिकवायला आला. वाकता न येणाऱ्यालाही आसन मिळावं म्हणून त्यांनी विटा, खुर्च्या, भिंतीचे दोर कामाला लावले. 1975 साली पत्नी रमामणी यांच्या नावाने पुण्यात संस्था उभी राहिली. नव्वदीतही ते स्वतः साधनं घेऊन सराव करत. मी पन्नाशीत लाजतो.

पण खुर्चीवरची आसनं विरारकराला कुणी शिकवू नयेत. लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धं बूड बाकावर, अर्धं ईश्वराधीन. एक पाय वाटेत रोवलेला, हात वरच्या कडीत, मान मागच्याच्या सॅकने परस्पर वळवलेली. भाईंदर सुटलं की श्वास आत, खाडी ओलांडून नायगावला बाहेर. दारातल्या दांड्याला जे अर्धमत्स्येंद्रासन लागतं, ते मत्स्येंद्रनाथांनाही थक्क करील. उतरताना तर स्वतःचे पायसुद्धा वापरावे लागत नाहीत. आणि त्या कडीला लटकताना लाज? कुणालाच नाही.

हीच मंडळी विरारला उतरली की बदलतात. माझी आई पुलाच्या जिन्यावर कठडा धरून एकेक पायरी उतरते. मागून आवाज येतो, "ओ मावशी, चला ना लवकर!" माझं डोकं फिरतं. आई म्हणते, "ओरडू दे रे. त्यांना पोचायचंय, मला पडायचं नाही."

पट्टा मी हल्ली घेतो, मॅडमची पाठ वळली की. तुम्ही एवढंच करा: पुलावर कठड्याची बाजू म्हाताऱ्यांना सोडा. आणि चौथी सीट मागू नका, तिथे माझा सराव चालू असतो.