भरतीच्या मर्जीने

ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला जायचं तर पंचांग उघडून उपयोग नाही, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं लागतं. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते ती खाडीत पुरेसं पाणी असेल तेव्हाच. ओहोटीला बोट चिखलात रुतते आणि ऐन भरतीला पक्ष्यांचा चिखलच बुडतो. या दोहोंमधली आमच्या वाट्याला आलेली वेळ भर दुपारची होती. शेजारच्या नानांना ती वामकुक्षीवरची गदा वाटली. पण पैसे भरून झालेले आणि नाना बँकेतून निवृत्त झालेले. भरलेली रक्कम सोडणं त्यांच्या धर्मात बसत नाही.

बोटीला अवकाश होता, म्हणून केंद्रातल्या ताईंनी आम्हाला कांदळवन दाखवलं. तिवराचं पान तोडून हातात देत त्या म्हणाल्या, “हे झाड खाऱ्या पाण्यावर जगतं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे टाकून देतं. जीभ लावून बघा.” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय तोवर नानांनी पान चाटलंसुद्धा. “खारट आहे,” बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे बघत ते म्हणाले, “पण आमच्या आमटीपुढे अळणीच.” त्यानंतर बराच वेळ नाना आणि काकू दोन वेगवेगळ्या सहलींना आल्यासारखे वागत होते.

तिवराची मुळं श्वास घ्यायला चिखलातून टोकं वर काढतात. त्या टोकांमधून एक निवटी चालली होती. हा मासा पुढच्या परांवर चिखलात फिरतो, ओल्या कातडीतून श्वास घेतो आणि डोक्यावर बसवलेल्या बटबटीत डोळ्यांनी सगळ्यांवर नजर ठेवतो. दुसरी निवटी हद्दीत आली तसा हिने पाठीवरचा पर ताडकन उभारला. वीतभर जागेसाठी एवढा ताव मी फक्त आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाहिलाय.

बोटीत शांत बसायचं असतं. बोटीवरच्या दादांनी तसं बजावलं आणि मग ते सगळ्यांना नीट ऐकू आलं का, यावर मोठमोठ्याने चर्चा झाली.

आणि फ्लेमिंगो दिसले. लांबच लांब गुलाबी रांग, माना खाली, चोची उलट्या करून चिखल गाळण्यात गर्क. एकानेही आमच्याकडे पाहिलं नाही. नानांना उडणारे हवे होते. “एक टाळी वाजवू?” दादांनी नुसतं बघितलं. नानांनी हात खिशात घातले.

“हे मधले मळकट का?” काकूंनी विचारलं.

“पिल्लं आहेत. रंग खाण्यातून चढतो.”

दादा पुढे म्हणाले, खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्यावर शेवाळ पोसतं आणि त्या शेवाळावर हे गुलाबी होतात. म्हणजे कच्छकडून येणाऱ्या या पाहुण्यांच्या रंगरूपात आमच्या मोरीचाही वाटा आहे! हे ऐकून काकूंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. नानांची मात्र छाती फुगली, कारण पाणीपट्टी तेच भरतात.

२०१५ साली ही जागा अभयारण्य झाली, २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेली. तेव्हा हिवाळ्यापासून मेपर्यंत कधीही जा. भरतीची वेळ आधी विचारा, टोपी आणि पाणी जवळ ठेवा, भडक कपडे घालू नका. टाळ्या घरी आल्यावर वाजवा.