आप्पांची ब्यूक

“आप्पा, पंधरा दिवस द्या, गाडी आरशागत करून देतो,” असं उद्यमनगरातला एक पेंटर त्यांना म्हणाला. बिचारा नवीन होता. आप्पा म्हणाले, “आरसा हाय माझ्याकडं न्हाणीत. तू च्या घे आन् जा.”

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचे शौकीन पैशाला पासरी, आणि सगळ्यांना गाडी चकाचक लागते. आप्पांचं उलट. त्यांच्या वाड्याच्या सोप्यात 1938 ची ब्यूक उभी आहे; वडिलांनी घेतलेली, आठ सिलिंडरची, कारखाना सुटल्यापासून रंगाचा दुसरा हात न लागलेली. टपावरचा काळा रंग राखाडी पडलाय, मडगार्डच्या कडेला पोपडे सुटलेत, बंपरचं क्रोम ठिकठिकाणी उडालंय. पाहुणा हळहळला की आप्पा खूश. पाहुण्यानं खिशातून रुमाल काढला, की ते मध्ये येऊन उभे राहतात. या गाडीला स्टार्टरचं वेगळं बटण नाही. किल्ली फिरवून ॲक्सिलरेटर दाबला की ती सुरू होते. नव्या माणसाला ते सांगायचं नाही, त्याला शोधू द्यायचं, हाही आप्पांचा एक विरंगुळा.

पण खरा मान ओरखड्याचा. डाव्या मागच्या मडगार्डवर हातभर लांबीचा आहे. गाडी पहिल्यांदा वाड्यात घेताना वडिलांनी ती दरवाजाच्या दगडी खांबाला घासली. आप्पा आधी ओरखडा दाखवतात, मग पाहुण्याला दंडाला धरून दरवाजाशी नेतात. खांबावर, बरोबर तेवढ्याच उंचीला, काळ्या रंगाची बोटभर रेघ. “जुळवून बघा!” पंचाईत एवढीच, की वाटणीत तो खांब धाकट्या भावाकडे गेलाय. दर दिवाळीला भाऊ चुन्याची बादली घेऊन येतो आणि आप्पा खांबाला पाठ लावून उभे राहतात. वाटणीपत्रात खांब आहे, रेघ नाही. या मुद्द्यावर दोघेही आपापल्या वकिलाकडे जाऊन आलेत.

यात नुसता हेका आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्या काळात ब्यूक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या गाड्यांना ड्यूको नावाचं लॅकर मारत. आजच्या रंगासारखी काचेची चकाकी त्याला नसे, आणि वर्षानुवर्षं पुसून तो थर कोपऱ्यांवर झिजत जाई. रिस्टोअर केलेली गाडी बहुधा कारखान्यातून निघतानाही चमकली नसेल इतकी चमकते. मग मूळ छटा कोणती, सीटची शिवण कशी, कुठल्या पट्टीला कसला स्क्रू, हे बघायचं कुठं? न उकललेल्या गाडीतच. म्हणून तर आप्पांना वेडे ठरवणारे रिस्टोअरवाले एकेकटे, मोजपट्टी घेऊन, त्यांच्याकडे येतात. आप्पा मोजू देतात. चहा देत नाहीत.

2024 च्या ऑगस्टमध्ये आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. नातू झाला असं समजून लोकांनी ते खाल्लेही. झालं होतं असं, की कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या मानाच्या स्पर्धेत 1934 ची बुगाटी टाइप 59 सर्वोत्कृष्ट ठरली होती, आणि जशीच्या तशी जपलेल्या गाडीला तिथं पहिला मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. धाकट्या भावानं खोडा घातला: “पण ती गाडी बेल्जियमच्या लिओपोल्ड राजानं काळी रंगवून घेतलेली म्हणं. मग ओरिजिनल कशी?” आप्पांनी पेढ्याचा पुडा मिटला. “राजानं दिलेला रंग हा रंग नसतोय, इतिहास असतोय.” दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक चौकात येते, तेव्हा आप्पा वाकून मुजरा करतात, तिच्या रंगाबद्दल त्यांनी आजवर मत दिलेलं नाही. शेवटी कोल्हापुरात राहायचंय.

सरकारही आपल्याच बाजूचं आहे, हे त्यांना 2021 साली कळलं. त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे विंटेज गाडी म्हणजे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली आणि फार मोठी फेरदुरुस्ती न झालेली. ती अधिसूचना लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलीय. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नोंदणीला वीस हजार पडतात. रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, असल्याच कामांना.

हे कलम आप्पा काकूंना दर मंगळवारी वाचून दाखवत. त्यांना ब्यूकमधून अंबाबाईला जायचं असे. काकू लग्नापासून ऐकून घेण्यात तरबेज, त्यांनी एकदा शांतपणे विचारलं, “अहो, पेट्रोल भरायला चालतं ना? मग देवळाच्या वाटेवरच्या पंपावर भरू.” तेव्हापासून ब्यूकची टाकी कधी रिकामी नसते, आणि काकू मागच्या सीटवर ओटीचं ताट मांडीवर घेऊन पंपावर जातात. सीटवर नवं कव्हर घालायची परवानगी अर्थातच नाही, त्यामुळे वर आलेली स्प्रिंग कुठं आहे हे त्यांना पाठ आहे.

तुमच्या गावच्या घरी ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी असेल, तर पेंटरला बोलवायच्या आधी आप्पांना एकदा दाखवा. सल्ला फुकट मिळेल. फक्त येताना गाडी धुऊन आणू नका.